फॉर्मल म्हणजे इस्त्री

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाची चार मुलं एक कागद घेऊन स्टाफरूममध्ये आली. पहिल्या वर्षाच्या स्वागत समारंभाची नोटीस होती. सांस्कृतिक समितीचं काम यंदा माझ्या गळ्यात आहे, म्हणून सही माझी हवी होती. तारीख, वेळ, सभागृह सगळं नीट लिहिलेलं. खाली ठळक अक्षरांत : 'ड्रेस कोड फॉर्मल. मुलांना ब्लेझर, मुलींना साडी किंवा वन-पीस. थीम ब्लॅक अँड गोल्ड. ड्रेस कोड न पाळल्यास प्रवेश मिळणार नाही.'

"ब्लेझर कुठनं आणायचा रे त्यांनी?" मी विचारलं.

"मॅडम, भाड्यानं मिळतोय की. पाचशे रुपये. डिपॉझिट हजार, ते परत देतेत."

बोलणाऱ्यानं चौकशी करूनच ठेवली होती. पोरगा कामाचा आहे. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात माईक बंद पडला तेव्हा हाच वायर शोधत स्टेजखाली शिरला होता. त्याच्या डोक्यात कुणाला त्रास द्यायचा विचार नव्हता. कार्यक्रम भारी दिसला पाहिजे, फोटो चांगले आले पाहिजेत, एवढंच होतं. मी सही केली नाही. कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि म्हटलं, दोन दिवसांनी या.

माझं म्हणणं त्या दोन दिवसांत बदललं नाही, उलट पक्कं झालं. ज्याचं स्वागत करायचं, त्यालाच कपड्यासाठी खिशात हात घालायला लावणं यजमानाला शोभत नाही. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला 'येताना चांदीचं ताट घेऊन या, नसेल तर दारातनंच परत जा' असं कुणी सांगतं का? फॉर्मल म्हणजे धुतलेलं, इस्त्री केलेलं आणि अंगाला नीट बसणारं. जे घरात आहे त्यातनं हे जमतं. ज्या नोटिशीमुळे दुकानात जावं लागतं, ती नोटीस चुकलेली आहे.

हे माझ्या मनाचे खेळ नव्हेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम 2009 सालचे आहेत. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी त्याचं हमीपत्र मुलं आणि पालक दोघेही भरून देतात, आणि वाचत कुणीच नाही. त्यात रॅगिंग म्हणजे काय याची यादी आहे. मारहाण, अश्लील वागणं, छळ हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच यादीत आर्थिक पिळवणूक आहे, आणि विद्यार्थ्यांनी नव्या किंवा दुसऱ्या कुठल्याही विद्यार्थ्यावर जबरदस्तीनं टाकलेला खर्चाचा बोजाही आहे. 2016 साली त्यात भर पडली. दिसण्यावरून, भाषेवरून, राहत्या जागेवरून, आर्थिक परिस्थितीवरून कुणाचा छळ करणं किंवा कुणाला वगळणं हेही रॅगिंगमध्ये धरलं गेलं. आता ती शेवटची ओळ पुन्हा वाचा : ड्रेस कोड न पाळल्यास प्रवेश नाही. मी त्या चौघांना रॅगिंग करणारे म्हणणार नाही. पण खाली माझी सही असलेला तो कागद उद्या कुणी त्या यादीशेजारी ठेवला, तर मी काय उत्तर देणार होते? हेच विनियम संस्थेला असंही सांगतात की नव्या-जुन्या मुलांना शिक्षकांच्या समोर एकत्र आणणारे कार्यक्रम घ्या. म्हणजे समारंभ हवाच, आणि तो दोघांना जवळ आणण्यासाठी हवा.

आता पाचशे रुपयांचं. मला स्टाफरूममध्येच एकानं सांगितलं, "अहो मॅडम, पोरं महिन्याला मोबाइलवर तेवढे घालवतात." काही घालवत असतील. पण आमच्या वर्गात सोलापूरजवळच्या कुंभारीच्या बाजूनं येणाऱ्या मुली आहेत. तिकडे विडी कामगार, यंत्रमाग कामगार यांच्या घरांच्या मोठ्या वसाहती आहेत. रे नगरची पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली, गोदूताई परुळेकर वसाहत त्याच्या आधीपासूनची. त्या घरांत आई पान भिजवते, मापाची पत्री ठेवून कापते, तंबाखू भरते, सुतानं बांधते. हजार विड्या वळायच्या म्हणजे सकाळी बसलेली बाई संध्याकाळीच उठते. त्या हजार विड्यांची मजुरी ब्लेझरच्या एका दिवसाच्या भाड्याला पुरत नाही. मुलगी आईला असं मागेल का? बहुतेक मागणारच नाही. ती त्या दिवशी 'पोटात दुखतंय' म्हणेल आणि घरी राहील. स्वागताला कोण आलं याची आम्ही हजेरी घेतो. कोण का आलं नाही, हे कुणी विचारत नाही.

मला हे कळतं, कारण मी स्वतः एकदा हे भोगलंय. गोष्ट 1991 ची. मी बारावी करून कॉलेजात गेले. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडील एका गणवेशाच्या कारखान्यात कटर मास्टर. अण्णा टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर खडूनं पॅटर्न आखायचे, आणि मशीन एका रेषेत असं फिरवायचे की खालचा थर वरच्यापेक्षा दोराभरही हलायचा नाही. आई घरी काज-बटण करायची, नगावर. आमच्या अंथरुणातही दोरे सापडायचे.

फलकावर इंग्रजीत नोटीस लागली : फॉर्मल ड्रेस. मला शब्दच कळला नाही. घरी येऊन अण्णांना विचारलं. ते क्षणभर थांबले आणि ठामपणे म्हणाले, "फॉर्मल म्हणजे कॉलर पायजे." दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातनं कटपीस घेऊन आले. निळ्यावर पांढरी बारीक चौकड, टेरिकॉट. रात्री बसून त्यांनी माझा पंजाबी ड्रेस बेतला. कॉलरला बकरम घातलं, खांद्याची शिवण दोनदा उसवून पुन्हा घातली. आईनं सात काजं केली. आत बोटभर माया सोडली, पुढं अंग भरलं तर सोडवता यावं म्हणून. सकाळी कोळशाच्या इस्त्रीनं कडक घडी पाडून दिली.

सभागृहात मी दुसऱ्या रांगेत बसले. शेजारची मुलगी माझ्या बाहीकडे बघत राहिली, मग मोठ्यानं म्हणाली, "अगं, ही तर आमच्या बारक्या भावाच्या शाळेची चौकड आहे!" तीन रांगा हसल्या. ती मुलगी दुष्ट नव्हती, तिला खरंच गंमत वाटली. पण पुढं वर्षभर माझं नाव 'युनिफॉर्म' पडलं. घरी गेल्यावर अण्णांनी एकच विचारलं, "फिटिंग कसं बसलं?" मी म्हटलं, बरं बसलं. ते खूश झाले. खरं तर फिटिंग उत्तमच होतं. आज हजार-हजार रुपयांचे तयार कुर्ते घेते, त्यांचे खांदे दंडावर उतरतात, तेव्हा तो ड्रेस आठवतो.

अण्णांची व्याख्या बरोबर होती, असं मला आता वाटतं. कॉलर, माप, इस्त्री. समारंभाचा मान राखायला याहून जास्त काही लागत नाही. चूक झाली ती नोटिशीत. दोन शब्द लिहून मोकळे झाले, आणि ते शब्द कुणाच्या घरात काय होऊन पोचतात, याचा विचार लिहिणाऱ्यानं केला नाही. फरक एवढाच की तेव्हा 'फॉर्मल' एवढंच लिहिलेलं होतं, म्हणून अण्णांना त्याचा अर्थ लावता आला. 'ब्लेझर' लिहिलं असतं तर तेही करता आलं नसतं.

गंमत बघा. हे सोलापूर आहे. इथे जुन्या मिलचा, विष्णू मिलचा, लक्ष्मी मिलचा भोंगा ऐकून लोक घड्याळ लावायचे. गिरण्या गेल्या, तरी चादर आणि टॉवेल राहिले, आणि दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. गणवेशाच्या धंद्यानं तर हजारो घरं धरून ठेवली. इथे शिवलेले शाळांचे शर्ट, पिनोफ्रॉक, ब्लेझर महाराष्ट्राबाहेरही जातात. माझ्या वर्गातला एक मुलगा संध्याकाळी अशाच कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर बसतो. कुठल्या तरी इंग्रजी शाळेच्या खिशावर बिल्ला लावलेले ब्लेझर तो दिवसाला किती शिवतो, हे त्याला तोंडपाठ आहे. त्याला आम्ही सांगणार की बाबा, तू पाचशे रुपये देऊन एक ब्लेझर भाड्यानं आण. चाटी गल्लीत कापड विकणाऱ्यांच्या आणि ते शिवणाऱ्यांच्या गावात कपड्यावरून पोरांची मान खाली जावी, यासारखी उलटी गोष्ट दुसरी काय असणार?

बरं, हा ब्लेझर आला कुठनं? केंब्रिजमधल्या एका बोट क्लबच्या लालभडक जॅकेटांवरून हे नाव पडलं असं सांगतात. म्हणजे थंडीत, धुक्यात, नदीवर होडी वल्हवायला जाणाऱ्या पोरांचा तो कपडा. आमच्याकडे ऑगस्टमध्ये आभाळ भरून येतं, पाऊस हुलकावणी देतो आणि हवा अशी कोंडते की सभागृहातले सगळे पंखे फिरूनही पाहुण्यांचं भाषण घामातच ऐकावं लागतं. त्यात पॉलिएस्टरचा काळा कोट, आत पॉलिएस्टरचंच अस्तर. गेल्या वर्षी एका मुलाला चक्कर आली होती. दीप प्रज्वलनाच्या वेळी कुणी चक्कर येऊन पडलं की त्याला 'वातावरण भारावलेलं होतं' म्हणायची पद्धत आहे, पण तो कोटानं उकडला होता.

मोठमोठ्या ठिकाणीही या प्रश्नावर विचार चालू आहे. 2010 साली भोपाळच्या एका दीक्षांत समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गाऊन काढून ठेवला होता आणि ही वसाहतकाळातली पद्धत आपण का चालवतो असं विचारलं होतं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं आपल्या वैद्यकीय संस्थांना कळवलं की काळा गाऊन आणि टोपी सोडा, आपापल्या राज्याच्या परंपरेतला पोशाख ठरवा. पण त्याच रस्त्यानं जाऊन 'मग आपण ट्रॅडिशनल ठेवू' म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. त्याच्याकडे मी येते.

त्याआधी बाराबंदी. फॉर्मल कपडा म्हणजे काय हे सोलापूरला शिकवायची गरज नाही, दर जानेवारीत शहर ते करून दाखवतं. संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा, सात उंच नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरचा लग्नाचा अक्षता सोहळा. 'सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्' म्हणत लोक अक्षता टाकतात तेव्हा रस्त्यावर नजर जाईल तिथं पांढरी बाराबंदी असते. बारा बंदांनी बांधलेला साधा सुती अंगरखा, खाली धोतर. पेढीचा मालक आणि त्याच्याच गोदामातला हमाल नंदीध्वजापुढे शेजारी उभे असतात, आणि कपड्यावरनं कोण कोण ते सांगता येत नाही. कुणाची बाराबंदी यंदा शिवलेली असते, कुणाची आजोबांची. जुनी असली तर उलट कौतुकानं सांगतात. तिच्याकडून अपेक्षा एवढीच की ती पांढरीशुभ्र असावी आणि बंद नीट बांधलेले असावेत. (त्यात बायकांना जागा नाही, ही गोष्ट मी विसरलेली नाही. पण तो वेगळा लेख.) मुलांनी स्वागत समारंभाला बाराबंदी घालून यावं असं मला अजिबात म्हणायचं नाही. देवाचा पोशाख 'थीम' म्हणून वापरला तर गावात काय होईल, ते मला कळतं. मला एवढंच म्हणायचंय की मान राखणारा पोशाख स्वस्त, सुती आणि जुना असू शकतो, हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. मग कॉलेजच्या दारात आल्यावर आपण ते का विसरतो?

आता माझ्याविरुद्धचे मुद्दे. त्यातला एक खरंच जोरदार आहे.

आमच्या प्लेसमेंटचं काम बघणारे सहकारी म्हणाले, "मॅडम, उद्या हीच पोरं मुलाखतीला जाणार. फॉर्मल घालायची सवय नाही म्हणून बुजतात. खुर्चीत बसल्यावर टायशी खेळत राहतात. पहिल्या वर्षापासून सवय लावली तर बिघडलं काय?" हे खरं आहे, मी त्याला मान देते. शर्ट खोचून पट्टा कसा लावायचा, शर्टाच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच का हवी, टायचं टोक पट्ट्याच्या बकलाशी का थांबावं, या गोष्टी घरी शिकवणारं कुणी नसतं अशी मुलं आमच्याकडे निम्मी आहेत. पुण्या-मुंबईच्या पोरांना हे बापाकडे बघूनच कळलेलं असतं. पण मग ते शिकवा ना. एक शनिवार घ्या, दोन टाय, एक आरसा आणि एक इस्त्री आणा. बूट पॉलिश कसं करायचं तेही दाखवा, लाजण्यासारखं काही नाही त्यात. शिकवायच्या गोष्टीला आपण प्रवेशाचं तिकीट केलं की ज्याला येतं तोच आत येतो, आणि ज्याला शिकायचं होतं तो दारातच राहतो. शिवाय इथल्या बँकेत, पतसंस्थेत, सूतगिरणीच्या ऑफिसात मुलाखतीला ब्लेझर कुणी मागत नाही. साधा शर्ट-पँट पुरतो. ब्लेझर घालून गेलात तर समोरचा मॅनेजर स्वतःच्या हाफ शर्टाकडे बघतो, हे मी पाहिलंय.

दुसरा मुद्दा : सगळ्यांना एकच पोशाख म्हणजे समता, गणवेशासारखी. गणवेशाच्या घरातली असल्यामुळे हे मला पटायला हवं होतं. पण गणवेश दोनशे दिवस अंगावर असतो, खाली माया सोडून शिवतात, मोठ्याचा धाकट्याला येतो. एका दिवसाच्या काळ्या-सोनेरीला हे काही लागू नाही. आणि 'गोल्ड' म्हटल्यावर खरं सोनं असलेली पोर कानात घालून येते, नसलेली टिकल्या चिकटवते. यात समता कुठली?

तिसरा मुद्दा मुलींनीच मांडला, आणि त्यावर मी जरा गप्प झाले. "मॅडम, आम्हाला नटायला आवडतं. वर्षातनं एक दिवस." बरोबर आहे. अठराव्या वर्षी नटायचं नाही तर कधी? मला काळ्या पांढऱ्या कपड्यांतली शोकसभा नकोच आहे. ज्याच्याकडे ब्लेझर आहे त्यानं खुशाल घालावा, जिला काळी-सोनेरी साडी नेसायची तिनं नेसावी, मेंदी काढावी, केसांत गजरा माळावा. माझी हरकत फक्त सक्तीला आहे. यावर एक मुलगी पटकन म्हणाली, "पण मग पैशेवाले उठून दिसणारच की." दिसणार. ते मला थांबवता येत नाही. पण एखादा हौसेनं चमकला, तर शेजारचा फार तर मनात खट्टू होतो. चमकायचाच नियम असेल तर तोच शेजारचा चूक ठरतो. आणि थोडं तरी थांबवता येईल असा एक उपाय माझ्याकडे आहे : तिसऱ्या वर्षानं साधं यायचं. यजमान जर पांढऱ्या शर्टात, साध्या सलवार-कमीजमध्ये उभे असतील, तर आत येणाऱ्या नव्या पोराला आपला पांढरा शर्ट बरोबर वाटेल. हा उपाय सांगितल्यावर चौघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

आणि ट्रॅडिशनलवाले. 7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. 1905 साली याच तारखेला कलकत्त्यात स्वदेशीची चळवळ जाहीर झाली, म्हणून 2015 पासून तो पाळतात. स्वागत समारंभ याच दिवसांत येतो. तेव्हा दरवर्षी कुणीतरी उत्साहानं सुचवतं की पारंपरिक वेषभूषा ठेवू, स्वदेशी होईल आणि खर्चही वाचेल. स्वदेशी होईल, खर्च वाचेल याची खात्री नाही. कारण 'ट्रॅडिशनल' म्हटलं की मुली शिवलेली नऊवारी भाड्यानं आणतात, नथ विकत घेतात, मुलं जाकीट आणि फेटा शोधत फिरतात. ब्लेझरचं दुकान सोडून दुसऱ्या दुकानात गेलो, एवढंच होतं. आणि परंपरा कुणाची? माझ्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चार भाषा रोज ऐकू येतात. तेलुगू पद्मशाली घरातल्या मुलीला सणाला लंगा-वोणी, म्हणजे परकर-ओढणी, हवी असते. लिंगायत आजीच्या ट्रंकेत इरकल असते, तिचा लाल पदर कोंडी घालून अंगाला जोडलेला असतो. अक्कलकोट तालुक्यातनं एसटीनं येणारी मुलगी दुपट्टा कधी सोडत नाही, आणि हिजाब घेणाऱ्या मुली तर आमच्याकडे वर्गात पहिल्या बाकावर असतात. 'मुलींना साडी किंवा वन-पीस' या एका ओळीनं यातल्या निम्म्या जणी बाहेर पडतात. नोटीस लिहिणाऱ्या मुलाच्या हे लक्षातही आलेलं नव्हतं. मी सांगितल्यावर म्हणाला, "मॅडम, नेटवर असंच होतं."

नेटवर असंच असतं हे मान्य. म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांनी मला विचारलंच, 'काय घालायचं आम्ही मग?', तर जे सांगितलं ते इथेही लिहिते.

मुलग्यांनो, फिक्या रंगाचा सुती शर्ट आणि गडद पँट. बारावीच्या निरोप समारंभातला असेल तर तोच. शर्ट नवा घेण्यापेक्षा आहे तो मापात करून घ्या, बाजूनं दोन शिवणी मारायला गल्लीतला शिंपी थोडकेच पैसे घेतो आणि माणूस वेगळा दिसतो. बूट शाळेतले काळे चालतील, पॉलिश करा. बूट नसतील तर धुतलेल्या चपला, पण स्पोर्ट्स शूजवर पँट नको. कुर्ता-पायजमाही फॉर्मलच आहे. जीन्सबद्दल मी भांडणार नाही, फाटकी नसली म्हणजे झालं.

मुलींनो, साडी नेसायचीच असेल तर आईची नेसा. घोडं अडतं ते ब्लाऊजवर. आईचा ब्लाऊज सैल होतो, म्हणून मुली शेवटच्या दिवशी तयार ब्लाऊज घ्यायला नव्या पेठेत पळतात. पळू नका. दोन्ही बाजूंना आतून धावदोरा घाला, अर्ध्या तासाचं काम आहे, कार्यक्रम झाला की उसवा आणि आईला परत द्या. उलट आईचा घट्ट होत असेल तर आत माया बघा, जुन्या शिंप्यानं शिवलेला असेल तर ती असतेच. सिंथेटिकपेक्षा सुती साडी घसरत नाही, पिना कमी लागतात. गाडीवरनं येणार असाल तर पदर कमरेला खोचूनच बसा, चाकात पदर गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. गावाहून येणाऱ्यांनी साडीच्या भानगडीत पडूच नये, संध्याकाळची एसटी पकडताना निऱ्या सांभाळायच्या की पिशवी? रोजचा सलवार-कमीज इस्त्री करून घातला तरी त्यात काही कमी नाही. आणि इस्त्री आदल्या रात्री करा. सकाळी लाइट जाते.

दोन दिवसांनी चौघं परत आले. मी काचेखालचा कागद काढला, आम्ही पाचही जण बसलो आणि तो पुन्हा लिहिला. 'थीम' गेली, 'प्रवेश मिळणार नाही' गेलं. आता ओळ अशी झाली : 'स्वच्छ, इस्त्री केलेले, तुमचे चांगले कपडे. नवे घेऊ नका, भाड्याने आणू नका. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी पांढऱ्या रंगात असतील.' ब्लेझरवाला पोरगा शेवटपर्यंत कुरकुरत होता. फोटोत काळा-सोनेरी बॅकग्राउंड लावायला परवानगी दिल्यावर गप्प बसला. मग त्यानंच विचारलं, "मॅडम, पण घरी इस्त्री नसली तर? आमच्या रूमवर नाही." मला हे सुचलंच नव्हतं. इतकं सगळं बोलून मीसुद्धा घरात इस्त्री आहे असं धरूनच चालले होते. नोटिशीत एक ओळ वाढवली : 'सकाळी साडेआठपासून जिमखान्याच्या खोलीत इस्त्रीची सोय आहे.'

त्या दिवशी मी नऊला पोचले तर जिमखान्याबाहेर रांग होती. आत कॅरमच्या टेबलावर सोलापुरी चादर अंथरलेली, आणि ब्लेझरवाला पोरगा बनियनवर उभा राहून पहिल्या वर्षाच्या एका मुलाचा शर्ट इस्त्री करत होता. तो मुलगाही बनियनवर, अवघडून बाजूला उभा. "कॉलर आधी उलटी करायची बे," हा त्याला दाखवत होता, "मग सुलटी. नायतर चुण्या पडतात." दोघांत नावं विचारून झाली होती, गावं विचारून झाली होती, एकाचा मामा दुसऱ्याच्या गल्लीत निघाला होता. मुलींनी पलीकडं संगणकाच्या खोलीत स्वतःची वेगळी इस्त्री आणून लावली, आणि दोन्ही एकदम चालू झाल्यावर अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडाला. शिपाईमामा येईपर्यंत बाकीच्यांचे शर्ट तसेच राहिले. कार्यक्रम पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला, आणि पुढच्या वर्षीच्या समितीसाठी वहीत मी एवढंच लिहून ठेवलंय : इस्त्र्या चार, वेगवेगळ्या मजल्यांवर.